समुद्रतळाचा सातबारा : प्रवाळांचे नकाशे कसे तयार करतात?

शेतजमिनीचा सातबाऱ्याचा उतारा तुमच्यापैकी अनेकांनी घरी पाहिला असेल. 'सातबारा' हे नाव गावच्या दप्तरातील दोन नमुन्यांवरून पडले आहे. नमुना सातमध्ये जमीन कोणाची, क्षेत्र किती, याची नोंद असते. नमुना बारामध्ये त्या जमिनीवर कोणत्या हंगामात कोणते पीक उभे होते, याची नोंद असते. जमीन तीच राहते, पीक मात्र बदलते. म्हणून या दोन नोंदी वेगवेगळ्या ठेवल्या आहेत. समजा, कोणी एकाच रकान्यात 'भाताचे शेत' एवढेच लिहून ठेवले आणि पुढे दहा वर्षे ते शेत पडीक राहिले, तर काय होईल? जागेवर भाताची एक लोंबीही नसेल, पण दप्तरात ते भाताचे शेतच राहील!

समुद्राच्या तळाचा नकाशा करणाऱ्यांपुढे नेमकी हीच अडचण येते. नकाशावर एखाद्या जागी 'प्रवाळ' असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ काय घ्यायचा? तिथे प्रवाळांनी बांधलेला खडक आहे, असा? की त्या खडकावर आज जिवंत प्रवाळ आहेत, असा? या दोन गोष्टींत फार मोठा फरक आहे. तो कसा ओळखतात आणि त्यात भौतिकशास्त्राची कशी मदत होते, हे आपण या पाठात पाहू.

घर आणि घरातील माणसे

प्रवाळ हा प्राणी आहे. त्याचा एकेक जीव बहुधा काही मिलिमीटर आकाराचा असतो. तो समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम व कार्बोनेट घेऊन आपल्या तळाशी चुनखडीचा सांगाडा तयार करतो. असे हजारो जीव एकमेकांना चिकटून वसाहत करतात. पिढ्यान्‌पिढ्या सांगाड्यांवर सांगाडे चढत जातात आणि त्यातून प्रवाळभित्ती उभी राहते. त्या एवढ्या मोठ्या भित्तीचा जिवंत भाग मात्र वरचा पातळ थरच असतो. खालचे सारे बांधकाम मृत असते.

याचाच अर्थ असा, की वरचे जीव मेले तरी भित्ती लगेच नाहीशी होत नाही. वाड्यातील माणसे निघून गेली तरी भिंती बरीच वर्षे उभ्या राहतात, तसेच हे आहे. लाटा, वादळे आणि खडक पोखरणारे प्राणी तिला हळूहळू झिजवतात. पण तोपर्यंत वरून पाहणाऱ्याला ती भित्तीच दिसते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ती पुढे उपयोगी पडणार आहे. भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांच्या शरीरात एकपेशीय शैवले राहतात. ती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यातील मोठा वाटा प्रवाळाला देतात. प्रवाळाचा नेहमीचा तपकिरी रंग मुख्यतः या शैवलांचा असतो. पाणी नेहमीपेक्षा जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर ही भागीदारी मोडते. शैवले बाहेर टाकली जातात आणि प्रवाळाच्या पारदर्शक शरीरातून आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो. याला प्रवाळांचे विरंजन म्हणतात. विरंजन झालेला प्रवाळ अजून जिवंत असतो. पाणी वेळेत थंड झाले तर शैवले परत वाढतात आणि प्रवाळ सावरतो. तसे झाले नाही तर तो उपासमारीने मरतो. मग थोड्याच आठवड्यांत उघड्या सांगाड्यावर बाहेरचे तंतुमय शैवल उगवते आणि पांढरी भित्ती पुन्हा तपकिरी दिसू लागते.

दोन प्रश्न, दोन रकाने

आता नकाशाकडे वळू. तळाच्या प्रत्येक तुकड्याविषयी दोन प्रश्न विचारायचे असतात.

पहिला प्रश्न : तळ कशाचा आणि कोणत्या आकाराचा आहे? वाळू, चिखल, सपाट खडक, प्रवाळांचे तुटलेले तुकडे, सलग भित्ती, वाळूत उभी असलेली एकटी लहान भित्ती, ही याची उत्तरे. याला तळाची रचना म्हणू या.

दुसरा प्रश्न : त्या तळावर काय वाढले आहे? जिवंत प्रवाळ, सागरी गवत, मोठी शैवले, बारीक तंतुमय शैवल, खडकावर चुन्यासारखा थर देणारे शैवल, की काहीच नाही? याला जैविक आवरण म्हणू या. आवरणाचे नाव लिहून भागत नाही. त्याने किती टक्के जागा व्यापली आहे हेही लिहावे लागते.

रचना बदलायला बहुधा वर्षानुवर्षे लागतात. आवरण एका उन्हाळ्यात बदलू शकते. सातबाऱ्याच्या भाषेत बोलायचे, तर रचना हा नमुना सात आणि आवरण हा नमुना बारा.

एका बेटाचे उदाहरण

कॅरिबियन समुद्रात अमेरिकेच्या ताब्यातील व्हर्जिन बेटे आहेत. त्यांच्या आणि शेजारच्या प्वेर्तो रिको बेटाच्या भोवतीच्या उथळ समुद्राची रंगीत हवाई छायाचित्रे १९९९ साली घेण्यात आली. अमेरिकेच्या सागर व वातावरणविषयक 'नोआ' या शासकीय संस्थेने त्यांवरून तळाचे नकाशे केले. ते २००१ साली प्रसिद्ध झाले. छायाचित्रांचे प्रमाण १ : ४८,००० होते आणि नकाशावर दाखवलेला लहानात लहान तुकडा एक एकराचा, म्हणजे ४० गुंठ्यांचा होता.

या नकाशांतील मुख्य वर्ग कोणते होते ते पाहा. वाळू व चिखल हा एक वर्ग, पाण्याखालील वनस्पती हा दुसरा, प्रवाळभित्ती व जीवांची वस्ती असलेला कठीण तळ हा तिसरा. नीट विचार केलात तर तुमच्या लक्षात येईल, की 'वाळू' हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे आणि 'वनस्पती' हे दुसऱ्या प्रश्नाचे. दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच यादीत आली होती. तळ कुठे कसा आहे हे समजण्यासाठी तो नकाशा फार मोलाचा होता. परंतु 'प्रवाळभित्ती' असे लिहिलेल्या तुकड्यावर जिवंत प्रवाळ ५ टक्के आहेत की ५० टक्के, हे त्यावरून कळत नव्हते.

२००५ साली कॅरिबियन समुद्र असाधारण तापला. व्हर्जिन बेटांजवळच्या प्रवाळांचे मोठ्या प्रमाणावर विरंजन झाले आणि पाठोपाठ रोगाची साथ आली. जिथे पाणबुडे शास्त्रज्ञ नियमित पाहणी करत होते, अशा जागांवरील जिवंत प्रवाळांचे आवरण दोन वर्षांत निम्म्याहून अधिक घटले. भित्ती होत्या तिथेच होत्या. जुन्या नकाशातील त्यांच्या रेषाही बरोबर होत्या. बदलले होते ते त्यांच्यावरचे जीवन, आणि त्यासाठी नकाशात रकानाच नव्हता.

याच बेटांपैकी सेंट जॉन या बेटाभोवतीच्या तळाचा नवा नकाशा नोआने २००९ साली प्रसिद्ध केला. त्यात लहानात लहान तुकडा १,००० चौरस मीटरचा, म्हणजे जवळजवळ १० गुंठ्यांचा होता. प्रत्येक तुकड्याची रचना वेगळी लिहिली होती आणि मुख्य आवरण वेगळे. त्याशिवाय जिवंत प्रवाळ किती टक्के, यासाठी आणखी एक स्वतंत्र रकाना ठेवला होता.

हा तिसरा रकाना कशाला, असे तुम्ही विचाराल. एक लहानसे गणित करू. आकडे कल्पित आहेत.

समजा, भित्तीच्या एका तुकड्यावर विरंजनापूर्वी शैवल ६० टक्के, जिवंत प्रवाळ २५ टक्के आणि उघडी वाळू १५ टक्के आहे. जे सर्वांत जास्त ते मुख्य आवरण, असा नियम असतो. म्हणून या तुकड्याची नोंद होईल : 'शैवल, ५० ते ९० टक्के'. विरंजनानंतर त्याच तुकड्यावर शैवल ७७, प्रवाळ ८ आणि वाळू १५ टक्के झाली. आता नोंद काय? 'शैवल, ५० ते ९० टक्के'. म्हणजे प्रवाळांचा दोन-तृतीयांश भाग मेला आणि नोंदीतील एक अक्षरही बदलले नाही! जिवंत प्रवाळांचा रकाना स्वतंत्र असेल, तर मात्र तिथे '१० ते ५० टक्के' जाऊन '१० टक्क्यांहून कमी' असे येईल आणि नकाशा वाचणारा सावध होईल.

अर्थात हाही उपाय पुरा नाही. दुसऱ्या एका तुकड्यावर प्रवाळ ४५ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले, तर दोन्ही आकडे '१० ते ५० टक्के' याच वर्गात बसतात. वर्ग जितके रुंद, तितकी नोंद करणे सोपे. पण तितकेच बदल निसटण्याचे भयही अधिक. कोणतेही वर्गीकरण करताना ही देवघेव करावीच लागते.

तुकड्याच्या आकाराचेही तसेच आहे. लहानात लहान तुकडा ४० गुंठ्यांचा असेल, तर वाळूत एकटी उभी असलेली पाच गुंठ्यांची भित्ती नकाशावर दिसणारच नाही. म्हणून 'वाळूतील लहान भित्तींचा समूह' असा एक वेगळा वर्ग करावा लागतो.

पाणी रंग खाते

आता मुख्य अडचणीकडे येऊ. विमानातून किंवा उपग्रहातून तळ पाहायचा, म्हणजे सूर्यप्रकाश पाण्यातून खाली जायला हवा, तळावर पडून परावर्तित व्हायला हवा आणि त्याच पाण्यातून वर यायला हवा. या प्रवासात पाणी प्रकाश शोषते. मात्र ते सर्व रंग सारखे शोषत नाही.

शुद्ध पाण्याच्या एक मीटर जाडीच्या थरातून ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश सुमारे ७१ टक्केच पलीकडे जातो. ५५० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश सुमारे ९४.५ टक्के जातो. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश सुमारे ९९.१ टक्के जातो. पुढच्या प्रत्येक मीटरला उरलेल्या प्रकाशाचा पुन्हा तेवढाच टक्का शिल्लक राहतो. बँकेतील चक्रवाढ व्याजाचे गणित तुम्ही केले आहे. हे तसेच आहे. फक्त येथे रक्कम वाढत नाही, घटत जाते.

तळ ५ मीटर खोल असेल, तर प्रकाशाचा जाऊन-येऊन प्रवास १० मीटर होतो. तेव्हा ०.७१ ला ०.७१ ने असे गुणत दहा वेळा घ्या. उत्तर सुमारे ०.०३ येते. म्हणजे १०० भाग तांबड्या प्रकाशातील फक्त ३ भाग उरले. याच रीतीने काढलेले आकडे पुढे दिले आहेत. तळाने सर्व प्रकाश परत पाठवला असे धरले, तर १०० भागांपैकी किती भाग पृष्ठभागापर्यंत परत येतील ते यात आहे.

खोली १ मीटर : तांबडा ५०, हिरवा ८९, निळा ९८
खोली ५ मीटर : तांबडा ३, हिरवा ५७, निळा ९१
खोली १० मीटर : तांबडा ०.१, हिरवा ३२, निळा ८३

खोल पाण्याचे छायाचित्र निळसर का दिसते, याचे एक कारण या आकड्यांतच आहे. दहा मीटर खोलीवरील तळाची तांबड्या रंगातील माहिती जवळजवळ पुसली गेलेली असते. हे शुद्ध पाण्याचे आकडे झाले. समुद्रात सूक्ष्म वनस्पती असतात, नद्यांनी आणलेला गाळ असतो; त्यामुळे तिथे घट याहून जास्त होते. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर उभे राहून पाहिलेत, तर कमरेएवढ्या पाण्यातही तळ दिसत नाही!

उथळ गवत की खोल वाळू?

या शोषणामुळे एक गमतीचा घोटाळा होतो. वाळू उजळ असते आणि सागरी गवत काळपट. पण खोल पाण्यातील उजळ वाळू आणि उथळ पाण्यातील काळपट गवत वरून सारखेच दिसू शकतात.

समजा, वाळू १०० भागांपैकी ३२ भाग हिरवा आणि २४ भाग निळा प्रकाश परत पाठवते. गवत ११ भाग हिरवा आणि ५ भाग निळा परत पाठवते. वाळू १० मीटर खोलीवर आहे. वरच्या आकड्यांप्रमाणे तिच्याकडून येणारा हिरवा प्रकाश ३२ च्या ३२ टक्के, म्हणजे सुमारे १० भाग झाला. गवत १ मीटर खोलीवर आहे. त्याच्याकडून येणारा हिरवा प्रकाश ११ च्या ८९ टक्के, म्हणजे हाही सुमारे १० भागच! केवळ हिरव्या रंगात पाहणारा दोन्हींना एकच समजेल.

आता निळा प्रकाश पाहा. वाळूकडून २४ च्या ८३ टक्के, म्हणजे सुमारे २० भाग. गवताकडून ५ च्या ९८ टक्के, म्हणजे सुमारे ५ भाग. फरक लगेच उघडा पडला. एका रंगाने जे कळत नाही ते दोन रंगांची तुलना केल्यावर कळते.

अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड लिझेंगा यांनी १९७८ साली या कल्पनेला पद्धतशीर रूप दिले. ज्यांनी लॉगॅरिथम शिकले आहेत त्यांना ते सहज समजेल. खोली वाढली की प्रकाश ठरावीक पटीने घटतो. लॉगॅरिथम घेतला की गुणाकाराची बेरीज-वजाबाकी होते. म्हणून आलेखाच्या एका अक्षावर हिरव्या प्रकाशाचा लॉगॅरिथम आणि दुसऱ्यावर निळ्याचा मांडला, तर वेगवेगळ्या खोलींवरील वाळूचे सर्व बिंदू एका सरळ रेषेवर येतात. गवताचे बिंदू दुसऱ्या, पण पहिलीला समांतर अशा रेषेवर येतात. खोली बदलली की बिंदू आपल्या रेषेवर पुढेमागे सरकतो; रेषा सोडत नाही. मग बिंदू कोणत्या रेषेवर आहे एवढे पाहिले, की खोली माहीत नसतानाही तळ कशाचा ते सांगता येते. ही रीत वापरण्यापूर्वी लाटांवरची चमक आणि हवेतून विखुरलेला प्रकाश वजा करावा लागतो, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या नजरेस आणावे.

तपकिरी आणि तपकिरी

वाळू आणि गवत वेगळे करता आले. मग जिवंत प्रवाळ आणि मेलेल्या भित्तीवरचे शैवल असेच वेगळे का करू नयेत?

विरंजनाची हकीकत आठवा. जिवंत प्रवाळाचा रंग त्याच्या शरीरातील शैवलांचा असतो. मेलेल्या भित्तीचा रंग तिच्यावर उगवलेल्या शैवलाचा असतो. दोन्हींत हरितद्रव्य आहे आणि दोन्ही तपकिरी दिसतात. त्यांच्या परावर्तित प्रकाशात बारीक फरक असतात. परंतु ते टिपायला वर्णपटाचे अनेक अरुंद पट्टे वेगवेगळे मोजणारे उपकरण लागते. त्यातही तांबड्या बाजूची उपयुक्त माहिती थोड्याच खोलीवर पाणी खाऊन टाकते. तीन-चार रुंद पट्ट्यांत छायाचित्रे घेणाऱ्या उपग्रहांना हा फरक भरवशाने करता येत नाही.

जगातील उथळ प्रवाळक्षेत्रांचा 'ॲलन कोरल ॲटलास' हा नकाशासंग्रह २०२१ साली पूर्ण झाला. त्यासाठी सुमारे ४ मीटर तपशिलाची उपग्रह-छायाचित्रे वापरली आहेत. तळावरच्या आवरणाचे त्यात जे वर्ग आहेत, त्यांत वाळू वेगळी आहे, सागरी गवत वेगळे आहे. पण 'प्रवाळ किंवा शैवल' असा एकच जोडवर्ग आहे. ते योग्यच आहे. साधनाला जे दिसत नाही ते दिसते असे न लिहिणे, हा वर्गीकरणाचा पहिला नियम होय.

म्हणून केवळ रंगावर विसंबणाऱ्या माणसाची कशी फसगत होईल पाहा. एप्रिलमध्ये भित्ती तपकिरी दिसली. मे महिन्यात ती पांढरी पडली. डिसेंबरमध्ये पुन्हा तपकिरी झाली. तो म्हणेल, "चला, प्रवाळ सावरले!" खरोखरच ते सावरले असतील, किंवा सारेच मेले असतील.

खोल पाण्यात आणखी एक साधन कामी येते, ते म्हणजे ध्वनी. जहाजातून ध्वनीची स्पंदने खाली सोडायची आणि प्रतिध्वनीला लागलेला वेळ मोजायचा. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर असतो. तळ ३० मीटर खोल असेल, तर प्रतिध्वनी ०.०४ सेकंदात परत येतो. कठीण खडकावरून तो जोरकस येतो, मऊ चिखलावरून क्षीण येतो. त्यामुळे तळाची रचना उत्तम कळते. पण खडकावरील पातळ जिवंत थराविषयी ध्वनी फारसे सांगू शकत नाही. आपल्या कोकण किनाऱ्यापासून १०० किलोमीटरहून अधिक दूर समुद्रात 'आंग्रिया बँक' नावाचे बुडालेले पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून ते ओळखले जाते. तिथे प्रवाळ आहेत; परंतु पठाराचा माथाच सुमारे २० मीटर खोलीवर आहे. अशा जागी ध्वनीने उंचसखलपणा मापायचा आणि आवरण पाहण्यासाठी पाणबुड्यांनी किंवा कॅमेऱ्याने खाली जायचे, हाच मार्ग उरतो.

पाण्यात उतरल्यावाचून नकाशा पुरा होत नाही

पाणबुडे शास्त्रज्ञ तळावर ठरावीक लांबीची फीत पसरतात किंवा एक मीटर बाजूची चौकट ठेवतात आणि तिच्या आतील तळाची छायाचित्रे घेतात. पुढे प्रयोगशाळेत छायाचित्रावर वाटेल तसे बिंदू टाकून प्रत्येक बिंदूखाली काय आहे ते मोजतात. १०० बिंदूंपैकी २३ बिंदू जिवंत प्रवाळावर पडले, तर आवरण अंदाजे २३ टक्के झाले.

अशा मोजणीचे मोल लक्षद्वीपमध्ये दिसून आले. अगत्ती, कडमत आणि कवरत्ती या बेटांजवळच्या पाण्याखालील दीर्घकालीन पाहणीत जिवंत प्रवाळांचे आवरण १९९८ साली सुमारे ३७ टक्के होते. २०२२ साली ते सुमारे १९ टक्के आढळले. मधल्या काळात १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी समुद्र तापून मोठी विरंजने झाली. बेटांचा आकार बदलला नाही, भित्तींची नावेही बदलली नाहीत. पण मोजणारे होते म्हणून ही घट कळली.

पाण्याखालची पाहणी नकाशाची परीक्षा घेण्यासाठीही वापरतात. नकाशा पूर्ण झाल्यावर काही नव्या जागा निवडतात, तिथे प्रत्यक्ष जातात आणि नकाशाचे म्हणणे खरे आहे का ते पाहतात. एक कल्पित उदाहरण घेऊ. अशा १०० जागा तपासल्या.

नकाशात 'प्रवाळ' असलेल्या २० जागा : प्रत्यक्षात प्रवाळ ११, शैवल ९, वाळू ०
नकाशात 'शैवल' असलेल्या ३० जागा : प्रत्यक्षात प्रवाळ ४, शैवल २५, वाळू १
नकाशात 'वाळू' असलेल्या ५० जागा : प्रत्यक्षात प्रवाळ ०, शैवल १, वाळू ४९

बरोबर आलेल्या जागा ११ + २५ + ४९ = ८५. म्हणजे नकाशा ८५ टक्के अचूक! परीक्षेत हे गुण उत्तम मानले जातील. पण ज्या प्रवाळांसाठी नकाशा केला त्यांचेच काय? नकाशाने 'प्रवाळ' म्हटलेल्या २० जागांपैकी ११ ठिकाणीच प्रवाळ निघाले. म्हणजे त्या शब्दाचा भरवसा ५५ टक्केच. एकूण गुण वाढले ते वाळूमुळे, कारण वाळू ओळखणे सोपे असते. नकाशाच्या खाली छापलेला एकच टक्का वाचून समाधान मानू नका. तुम्हाला हव्या असलेल्या वर्गाची ओळ वेगळी वाचा.

मासेमारी कुठे थांबवावी, बंदर कुठे बांधू नये, नांगर कुठे टाकू नये, हे निर्णय अशा नकाशांवरून घेतले जातात. मृत भित्ती जिवंत धरली, तर आपण रिकाम्या घराला कुलूप लावून बसू. जिवंत भित्ती शैवलात जमा केली, तर तिच्यावरून खुशाल नांगर ओढला जाईल.

करून पाहा

शाळेच्या मैदानावर एक मीटर बाजूची दोरीची चौकट ठेवा. आत दर १० सेंटिमीटरवर दोऱ्या बांधून १०० घरे करा. प्रत्येक घरात हिरवे गवत, वाळलेले गवत, उघडी माती आणि दगड यांपैकी काय जास्त आहे ते लिहा व टक्केवारी काढा. मग दुसऱ्या गटाला तुमचे उत्तर न सांगता तीच चौकट मोजायला द्या. दोघांची उत्तरे किती जुळली? जिथे जुळली नाहीत, तिथे घरात दोन गोष्टींची सरमिसळ होती का? अशा घरांसाठी एक नियम ठरवा, तो कागदावर लिहा आणि पुन्हा मोजा. हीच चौकट त्याच जागी जूनमध्ये, ऑक्टोबरमध्ये आणि मार्चमध्ये मोजलीत, तर रचना व आवरण यांतला फरक तुम्हाला कायमचा समजेल.

प्रश्न

१. शुद्ध पाण्यात तळ ३ मीटर खोल असेल, तर तांबड्या प्रकाशाचे १०० पैकी किती भाग परत येतील? (प्रवास किती मीटरचा, ते आधी ठरवा.)

२. लेखातील वाळूचे आणि गवताचे आकडे घेऊन १, ५ व १० मीटर खोलींसाठी हिरवा आणि निळा प्रकाश काढा. त्यांचे लॉगॅरिथम आलेखावर मांडा. दोन समांतर रेषा मिळतात का?

३. वरच्या १०० जागांच्या उदाहरणात प्रत्यक्ष प्रवाळ असलेल्या एकूण जागा किती? त्यांपैकी किती टक्के जागा नकाशाने ओळखल्या? हा आकडा ५५ टक्क्यांपेक्षा वेगळा का येतो?

४. तुमच्या गावच्या तलावाचा किंवा खाडीचा असा नकाशा करायचा असेल, तर रचनेचे व आवरणाचे कोणते वर्ग ठेवाल? प्रत्येकी पाचाहून अधिक नकोत.